घोडा, रणगाडा आणि कोरेगावचे पायदळ

१

यवतमाळला लागून असलेल्या आमच्या लोहाऱ्यात १ जानेवारीला कोरेगावच्या वीरांना अभिवादन करण्याचा कार्यक्रम होतो. अशाच एका कार्यक्रमानंतर अकरावीत शिकणाऱ्या एका मुलाने मला विचारले, "सर, रणगाडा चालवणाऱ्या पलटणीत आपले लोक होते का?" प्रश्न साधा होता. मी त्याला महार रेजिमेंटची हकिकत सांगू लागलो. त्याने मध्येच थांबवले. "ती पायदळाची. मी रणगाड्याची विचारतो."

त्या दिवशी मला नीट उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे ते राहून गेलेले उत्तर आहे. तो प्रश्न एका मुलाच्या कुतूहलापुरता नाही. आपण सैन्यातील आपल्या इतिहासाचा अभिमान बाळगतो, दरवर्षी कोरेगावच्या स्तंभापुढे नतमस्तक होतो. पण सैन्य म्हणजे एकसंध वस्तू नव्हे. सैन्याच्या आतही वरचे आणि खालचे, घोड्यावरचे आणि पायी चालणारे, अशी उतरंड होती. ती उतरंड गावातल्या उतरंडीहून वेगळी नव्हती. ती समजून घ्यायची तर पुण्याचे नाव धारण करणाऱ्या एका रणगाडा रेजिमेंटचा इतिहास तपासावा लागतो. ती म्हणजे पूना हॉर्स.

२

पूना हॉर्सचा जन्म १८१७ सालचा. त्या वर्षी जूनमध्ये इंग्रजांनी दुसऱ्या बाजीरावावर पुण्याचा तह लादला. पेशव्याने मदतीसाठी फौज ठेवण्याऐवजी तिचा खर्च कंपनीला द्यावा आणि फौज कंपनीने उभारावी, अशी त्यातली तरतूद होती. त्यातून पूना ऑक्झिलरी हॉर्स हे घोडदळ उभे राहिले. म्हणजे पेशवाईच्या पैशावर पेशवाईविरुद्धच लढणारी फौज तयार झाली. हे घोडदळ उभे राहून सहा महिने होतात न होतात तोच १ जानेवारी १८१८ चा दिवस उजाडला.

कोरेगावची लढाई आपल्याला पाठ आहे, पण तिचा एक तपशील आपण सहसा सांगत नाही. कॅप्टन स्टाँटन शिरूरहून ३१ डिसेंबरच्या रात्री निघाला. त्याच्याबरोबर बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्रीच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी पलटण होती, सुमारे ५०० जवानांची. दोन तोफा आणि मद्रास तोफखान्याचे थोडे गोलंदाज होते. आणि लेफ्टनंट स्वॅनस्टनच्या हाताखाली याच नव्या पूना ऑक्झिलरी हॉर्सचे अडीचशेच्या वर स्वार होते. सारे मिळून ८३४. रात्रभर चालून ही तुकडी सकाळी भीमेकाठी पोहोचली आणि समोर पेशव्याची फौज दिसताच कोरेगावच्या भिंतीआड शिरली. गावाच्या बोळांत अडकल्यावर घोड्यावरून लढायला वाव उरला नाही. दिवसभराची लढाई मुख्यत: पायदळाने आणि तोफांनी दिली. नदी डोळ्यांपुढे होती आणि पाणी मिळत नव्हते. रात्र पडल्यावर घशाला पाणी लागले. तोवर ८३४ पैकी २७५ जण मृत, जखमी वा बेपत्ता झाले होते. पुढे उभारलेल्या स्तंभावर पडलेल्यांची जी नावे कोरली गेली, त्यांत बावीस नावे 'नाक' प्रत्ययाची आहेत. ती महारांची, हे आपण जाणतो.

म्हणजे कोरेगावच्या रणात दोन प्रकारचे हिंदी शिपाई शेजारी शेजारी होते. एक पायी लढणारे, ज्यांत महार मोठ्या संख्येने होते. दुसरे घोड्यावरून आलेले. लढाई एक, तहान एक, शत्रू एक. पण पुढच्या दोनशे वर्षांत दोघांच्या वाट्याला वेगवेगळे इतिहास आले. पायदळाच्या त्या पलटणीला ग्रेनेडियर हा किताब मिळाला आणि ती आजच्या ग्रेनेडियर्स रेजिमेंटच्या परंपरेत सामील झाली. घोडदळाच्या त्या तुकडीतून पूना हॉर्स घडली. कोरेगावचा युद्धसन्मान या दोघींच्या नावे लिहिला गेला. आणि ज्यांची बावीस नावे दगडावर कोरली होती, त्यांच्या जातीला मात्र त्या शतकाच्या अखेरीस सैन्याची दारेच बंद झाली.

३

पूना ऑक्झिलरी हॉर्समध्ये महार स्वार का नव्हते? याचे उत्तर कोणत्याही लेखी बंदीहुकमात शोधायची गरज नाही. ते घोडदळाच्या अर्थव्यवस्थेत आहे.

हे घोडदळ शिलेदारी पद्धतीचे होते. शिलेदारी म्हणजे स्वाराने स्वत:चा घोडा, स्वत:चे खोगीर, पोशाख आणि तलवार घेऊन नोकरीवर यायचे. सरकार त्याला महिन्याला ठराविक रक्कम देणार. त्यातून त्याने स्वत:चे आणि घोड्याचे पोट भरायचे. घोडा मेला तर दुसरा त्यानेच आणायचा. मराठेशाहीतही शिलेदार आणि बारगीर असा भेद होता. बारगीर दुसऱ्याच्या घोड्यावर बसे, शिलेदार घोड्याचा मालक असे. कंपनीने हीच पद्धत उचलली, कारण ती स्वस्त पडत होती. पुढे पुढे घोड्याऐवजी भरती होताना भांडवल म्हणून रोख रक्कम भरण्याची रीत आली. स्वाराची जागा ही जणू एक मिळकत झाली. बापाची जागा मुलाला मिळावी, भावाची भावाला, अशी घराणी रिसाल्यात तयार झाली.

आता गावाकडे पाहू. ज्याला वतनाच्या नावाखाली सरकारी टपाल घेऊन पायी पळावे लागे, ज्याच्या नावावर जमिनीचा तुकडा असला तरी त्यावरचा हक्क गावच्या मर्जीवर होता, त्याने घोडा कुठून आणावा? आणि समजा आणला, तरी त्यावर बसून वेशीतून जायची मुभा कुठे होती? घोडा हे वाहन नव्हते, ते सामाजिक स्थानाचे चिन्ह होते. पाटलाने घोड्यावर बसायचे आणि महाराने पुढे पळायचे. शिलेदारी पद्धतीला जातीचा नियम लिहून ठेवावाच लागला नाही. घोड्याची अट पुरेशी होती. विषमतेच्या व्यवस्थेचे हेच वैशिष्ट्य आहे. तिला दर ठिकाणी उघडपणे 'तू नको' असे म्हणावे लागत नाही. ती अशी एक अट घालते की ज्याला नाकारायचे तो आपोआप बाहेर राहतो.

घोडदळात खालच्या मानलेल्या जातींची माणसे नव्हती असे मात्र नाही. ती होती, पण स्वार म्हणून नव्हती. घोड्यांसाठी मैलोन् मैल जाऊन गवत कापून आणणारे होते, खरारा करणारे मोतद्दार होते, लीद काढणारे होते. रिसाला मोहिमेवर निघाला की ही माणसे मागे चालत. रेजिमेंटच्या इतिहासात लढायांची नावे असतात, अधिकाऱ्यांची असतात. गवत कापणाऱ्याचे नाव कुठल्याही स्तंभावर नाही. त्याच्या गवतावाचून मात्र एकही घोडा धावला नसता.

४

पूना हॉर्सची पुढची वाटचाल पराक्रमाची आहे आणि ती नाकारण्याचे कारण नाही. १८४३ साली सिंधमध्ये मियाणी आणि हैदराबाद येथे हे घोडदळ लढले. १८५७ च्या फेब्रुवारीत इराणमध्ये खुशाब येथे लढाई झाली. तेथे चांदीचा पंजा असलेले इराणी निशाण हाती लागले आणि ते रेजिमेंटचे मानचिन्ह झाले. त्याच लढाईत बॉम्बे लाइट कॅव्हलरीच्या तिसऱ्या रेजिमेंटने इराणी पायदळाच्या चौकोनात घोडे घातले. त्यासाठी दोन गोऱ्या अधिकाऱ्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांच्याबरोबर घोडे घालणारे हिंदी स्वार त्या सन्मानाला पात्रच नव्हते. ती पात्रता हिंदी सैनिकाला १९११ पर्यंत नव्हती. वर्णव्यवस्थेने ज्यांना वर बसवले होते, ते साम्राज्याच्या वर्णव्यवस्थेत खालीच होते. १९२१ साली ही तिसरी लाइट कॅव्हलरी आणि पूना हॉर्स या दोन जुन्या घोडदळांचे एकत्रीकरण झाले आणि आजची रेजिमेंट आकाराला आली.

याच काळात आपल्या बाजूला काय घडत होते? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात 'लढाऊ जाती'चा सिद्धांत रुजला. उत्तरेकडच्या काही जाती जन्मत: शूर आणि बाकीच्या भित्र्या, असे इंग्रज सेनाधिकारी मानू लागले. मनूने जे धर्माच्या नावाने सांगितले, तेच यांनी विज्ञानाच्या नावाने सांगितले. १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली याविरुद्ध विनंतीपत्र लिहिले. शिवराम जानबा कांबळे यांनी १९०४ आणि १९१० साली सरकारकडे अर्ज केले. पहिल्या महायुद्धात माणसांची गरज पडली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली आणि गरज संपताच १९२१ साली मोडली गेली. दुसऱ्या महायुद्धात १९४३ साली चमार रेजिमेंट उभी राहिली. ती कोहिमापर्यंत लढली आणि १९४६ साली मोडली गेली. गरज असली की शूर, गरज सरली की अस्पृश्य, हा तो न्याय होता.

महारांच्या बाबतीत हा न्याय मोडला तो बाबासाहेबांच्या प्रयत्नांनी. १९४१ साली ते संरक्षण सल्लागार समितीवर होते. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. दुसरी आपल्या विदर्भात, कामठीला. १९४६ साली तिला मशीनगन रेजिमेंटचे रूप मिळाले आणि बोधचिन्हात दोन मशीनगन आल्या. त्या गनच्या मध्ये कोरेगावचा स्तंभ होता. स्वातंत्र्यानंतर स्तंभ गेला, त्या जागी खंजीर आला. सैन्याने हिंदी सत्तांविरुद्ध मिळवलेले जुने युद्धसन्मान साजरे करायचे नाहीत, असे धोरण ठरले होते. त्यामागचा विचार समजण्यासारखा आहे. पण पूना हॉर्सला कोरेगाव विसरून चालले, कारण तिच्यापाशी खुशाबचा चांदीचा पंजा होता. आपल्यापाशी त्या स्तंभाखेरीज दुसरे काय होते?

५

आता रणगाड्याकडे येऊ. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास घोडे गेले आणि चिलखती गाड्या आल्या, मग रणगाडे आले. हा बदल वरवरचा नव्हता. शिलेदारी पद्धत त्याआधीच पहिल्या महायुद्धानंतर मोडीत निघाली होती. रणगाडा कोणी घरून आणत नाही. तो सरकारचा असतो आणि त्याला चालक लागतो, तोफची लागतो, तोफेत गोळा भरून बिनतारी यंत्र सांभाळणारा लागतो. यांतले एकही कौशल्य रक्तातून येत नाही. ते शाळेत, कार्यशाळेत, सरावाच्या मैदानावर शिकावे लागते. घोडा ज्या अटीवर आपल्याला बाहेर ठेवत होता, ती अट रणगाड्याने रद्द केली. रणगाड्याच्या पोटात चार माणसे तोच धूर गिळतात आणि एकाच बाटलीचे पाणी पितात. तिथे स्पृश्यास्पृश्य पाळायला जागा नाही.

पण घोडा गेला तरी स्वार राहिला. आजही रणगाडा रेजिमेंटमधील साध्या जवानाचा हुद्दा 'सवार' असाच आहे, त्यावर दफेदार, त्यावर रिसालदार. आणि या नावांबरोबर घोडदळाच्या भरतीची चौकटही टिकली. नाव पुण्याचे, पण विसाव्या शतकातील पूना हॉर्सचे जवान मुख्यत: राजपूत, जाट अशा उत्तरेकडील 'लढाऊ' ठरवलेल्या समाजांतून आले. लढाऊ जातींचा सिद्धांत पुस्तकांतून हद्दपार झाला, पण रेजिमेंटच्या परंपरेत तो मुरून राहिला. परंपरा या शब्दाची हीच गंमत आहे. तो शब्द उच्चारला की कोणी कारण विचारत नाही.

या रेजिमेंटने स्वतंत्र भारताच्या युद्धांत जे केले ते मोठे आहे. १९६५ च्या सप्टेंबरात सियालकोट आघाडीवर फिलोरा आणि चविंडाच्या लढाईत लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर सेंचुरियन रणगाड्यांनिशी लढले. मुंबईत जन्मलेले, पुण्यात शिकलेले हे पारशी अधिकारी १६ सप्टेंबरला पडले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचा अंत्यसंस्कार रणभूमीवरच झाला. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतर नदीच्या लढाईत पुण्यातच जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल जळत्या रणगाड्यातून लढत राहिले. तेव्हा ते २१ वर्षांचे होते. दोघांनाही मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. खेत्रपालांच्या रणगाड्यात आणखी तीन माणसे होती: चालक प्रयाग सिंग, तोफची नत्थू सिंग आणि बिनतारीवरचे नंद सिंग. नंद सिंगही त्याच दिवशी पडले. अधिकाऱ्याचे नाव शाळेतल्या मुलाला ठाऊक असते, नंद सिंगांचे नसते. पायी असो वा रणगाड्यात, साध्या जवानाची ही कहाणी सारखीच.

आणि इथे कोरेगावचा दुसरा धागा पुन्हा येऊन भिडतो. तारापोर पडले त्याच्या सहा दिवस आधी, १० सप्टेंबर १९६५ रोजी, खेमकरण आघाडीवर असल उत्तर येथे हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवरील तोफेने पाकिस्तानचे पॅटन रणगाडे एकामागून एक निकामी केले आणि स्वत: मारले गेले. तेही परमवीर चक्राचे मानकरी. ते उत्तर प्रदेशातील गाझीपूर जिल्ह्याचे, शिंप्याच्या कुटुंबातले. शिंपी कोणत्याच 'लढाऊ' यादीत नव्हता. आणि ते ज्या रेजिमेंटचे, ती ग्रेनेडियर्स, म्हणजे कोरेगावच्या त्या पायदळाचा वारसा सांगणारी. ज्या सिद्धांताने महारांची भरती बंद केली, त्याला यापेक्षा सणसणीत उत्तर दुसरे नाही.

६

मग लोहाऱ्याच्या त्या मुलाला काय सांगायचे?

पहिली गोष्ट ही की महार रेजिमेंट आणि रणगाडे यांचे नाते अगदीच नाही असे नाही. भारतीय सैन्याच्या यांत्रिकीकरणाचा एक प्रमुख शिल्पकार जनरल के. सुंदरजी हे महार रेजिमेंटचे अधिकारी. पायदळातून येऊन त्यांनी पहिल्या चिलखती डिव्हिजनचे नेतृत्व केले आणि पुढे ते सरसेनापती झाले. १९७९ साली पायदळाच्या निवडक पलटणींतून जी मेकॅनाइज्ड इन्फन्ट्री रेजिमेंट घडली तिच्यामागे त्यांचाच आग्रह होता. तिचे केंद्र अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, जिथे रणगाडादळाचेही केंद्र आणि शाळा आहे. अर्थात सुंदरजी जन्माने महार नव्हते. आपल्या नावाच्या रेजिमेंटमधून मोठे झालेले सारे अधिकारी आपलेच, असे समजून टाळ्या वाजवणे ही स्वत:ची फसवणूक होईल. नाव आपले आणि अधिकारपद दुसऱ्याचे, हा प्रकार आपल्याला नवा नाही.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे आणि ती आपल्याच चळवळीला सांगायची आहे. वलंगकरांनी विनंतीपत्रात आपण पूर्वीचे क्षत्रिय असल्याचा दाखला दिला. त्या काळात त्यांच्यापाशी दुसरे शस्त्र नव्हते, म्हणून त्यांना दोष देता येत नाही. पण आज कोरेगावच्या सभांतून आपण जेव्हा 'आमचे रक्तच लढवय्ये' असे म्हणतो, तेव्हा आपण लढाऊ जातींचा तोच सिद्धांत मान्य करतो, फक्त यादीत आपले नाव घालून. बावीस नावांचा अर्थ हा नाही की महार जन्मत: शूर होते. अर्थ हा आहे की शौर्य जन्मावर अवलंबून नाही. ज्यांना गावाने भित्रे, अपवित्र, नालायक ठरवले होते, ते संधी आणि शिस्त मिळताच कोणाहूनही कमी ठरले नाहीत. बाबासाहेबांच्या घरात सैन्याने काय आणले ते पाहा. सुभेदार रामजींच्या हाती बंदूक आली, पण त्याहून मोलाचे म्हणजे लेखणी आली. ते लष्करी शाळेत शिक्षक झाले. महूच्या छावणीत जन्मलेल्या मुलाला वडिलांकडून वारशाने मिळाले ते अक्षर होते.

तिसरी गोष्ट मागणीची. प्रत्येक जातीने आपापल्या नावाची रेजिमेंट मागावी, हा मार्ग आता पुढे जाणारा नाही. मागणी अशी हवी की कोणत्याही रेजिमेंटचे दार जातीवरून उघडू वा बंद होऊ नये, मग तिची परंपरा दोनशे वर्षांची असो. २०२२ साली अग्निपथ योजना आली तेव्हा पुढची भरती अखिल भारतीय, सर्व जातींसाठी खुली राहील असे सरकारने सांगितले. त्या योजनेत चार वर्षांनंतर बहुसंख्य जवानांच्या भाकरीचे काय, हा प्रश्न गंभीर आहे आणि तो आपल्याच मुलांना सर्वांत जास्त टोचणारा आहे. पण जातवार भरती मोडण्याचे तत्त्व आपलेच आहे. ते प्रत्यक्षात उतरते की नाही, हे आपण डोळ्यांत तेल घालून पाहिले पाहिजे.

आणि शेवटची गोष्ट आपल्या हातातली. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात पुलगावला देशातील सर्वांत मोठ्या दारूगोळा भांडारांपैकी एक आहे. चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला दारूगोळ्याचा कारखाना आहे. सैन्याचे हे जड काम, स्फोटाच्या सावलीतले काम, विदर्भाच्या दारातच चालते. पुलगावला ३१ मे २०१६ रोजी लागलेल्या आगीत आणि स्फोटांत माणसे मेली, त्यांत आग विझवायला धावलेले जवान अग्निशामक होते. गवत कापण्यापासून दारूगोळा वाहण्यापर्यंत कष्टाची आणि जोखमीची कामे कोणाच्या वाट्याला येतात ते आपण पाहत आलो आहोत. आता यंत्रामागे बसणाऱ्यांत आपली मुले हवीत. त्यासाठी गणित हवे, यंत्रविद्या हवी, वसतिगृहात रात्री दिवा हवा. १ जानेवारीचा वर्गणीचा पैसा उरला तर तो या कामी लावावा, असे मी आमच्या मंडळात सुचवले आहे.

त्या मुलाला माझे उत्तर असे आहे. कोरेगावात घोडेस्वार होते, पण आपले लोक त्यांत नव्हते, कारण घोडा जातीने बांधलेला होता. रणगाडा तसा बांधलेला नाही. तो चालवायला शिकावे लागते, एवढीच त्याची अट आहे. त्याखेरीज दुसरी अट कोणी परंपरेच्या नावाने पुढे केली, तर ती कोणी आणि का घातली हे विचारायचे. तू मला प्रश्न विचारलास ना, तसेच.